‘लाइटनं लाइट पाठवणं’ : फलकावर काय लिहू?

मागवाला : लेकीचा विज्ञान प्रदर्शनातला प्रयोग आहे. एलईडी, बोटभर अंतरावर सोलरचा सेल, मध्ये तार नाही. तरी सेलला लावलेला मीटर हलतो. फलकावर ‘सौरघटाद्वारे विजेचे हस्तांतरण’ लिहिलं. वडिलांनी वाचून विचारलं, यात सूर्य कुठाय?

शेंगाचटणी : बरोबर विचारलं. दहावीच्या पुस्तकात ‘सौर विद्युत घट’ आहे खरं, पण उजेड कुणाचा याचं सेलला सोयरसुतक नसतं. ‘प्रकाशविद्युत घट’ लिहा. आणि हस्तांतरण सातबाऱ्याचं. विजेचं ते पारेषण.

पूर्वभाग : पारेषण म्हणजे टॉवर, ४०० केव्ही. बोटभर अंतराला पारेषण? आणि घट म्हटलं की रूपाभवानीचं नवरात्र डोळ्यापुढं येतं. सेल म्हणा की सरळ.

शेंगाचटणी : मग सगळंच इंग्रजीत लिहा!

जुना वायरमन : भांडू नका. मागांची पॅनेलं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. कार्डावर चार पायांची काळी आयसी असते, ऑप्टोकपलर. आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर. तिथं उजेड फक्त निरोप नेतो, पलीकडची वीज पलीकडचीच. पोरीच्या प्रयोगात उजेडच वीज पोचवतोय. म्हणून ‘वहन’ चालेल. मात्र शंभर भाग घातले तर दहासुद्धा हाती लागत नाहीत. एलईडी तापते, उजेड इकडंतिकडं सांडतो, उरलेल्यातला बराच सेल गिळतो. हे फलकावर लिहा, परीक्षक तेच विचारतील. अजून गंमत : तांबडी एलईडी मीटरला जोडून उन्हात धरा, तीही व्होल्टेज दाखवते. मग ती दिवा की घट?

शेंगाचटणी : तेव्हा घट.

पूर्वभाग : आणि संध्याकाळी दिवा? आमच्या आजीला मान्य होणार नाही.

मागवाला : ‘प्रकाशाद्वारे विद्युतशक्तीचे वहन’ करू का?

शेंगाचटणी : शक्ती म्हणजे पॉवर, ऊर्जा वेगळी. ‘शक्ती’ ठीक आहे.

पूर्वभाग : मूळ घोळ ‘लाइट’चा आहे. आपण विजेलाच लाइट म्हणतो : लाइट गेली, लाइटबिल. आमच्या घरी तेलुगूत ‘करंट पोयिंदी’. म्हणून मी मराठीतही ‘करंट गेली’ म्हणतो, बायको हसते.

जुना वायरमन : करंट गेला. करंट पुल्लिंगी.

शेंगाचटणी : वीज स्त्रीलिंगी, म्हणून गेली. लाइटही गेलीच.

जुना वायरमन : शॉक बसतो तेव्हा ‘करंट लागला’ म्हणता की ‘लागली’?

मागवाला : अहो, फलक उद्या सकाळी छापायचाय.

पूर्वभाग : ‘लागला’. पण गेली ती गेलीच.