यंत्राच्या कमाईचं 'वाटप' की 'वाटणी'?

स्वयंचलनातून येणाऱ्या संपत्तीबद्दल मराठीत लिहिताना 'वाटप' हाच शब्द सर्रास येतो. मला तिथे 'वाटणी' हवा असं वाटतं. वाटप म्हटलं की देणारा एक आणि घेणारे रांगेत: धान्यवाटप, वह्यावाटप. किती द्यायचं ते देणाराच ठरवतो. वाटणी होते ती भावाभावांत, हक्कदारांत.

आमच्या शेजारचा दादा चाकणला एका कारखान्यात वेल्डिंगला होता. आता वेल्डिंग रोबो करतो. दादा फिक्स्चरमध्ये पत्रा बसवतो, क्लॅम्प लावतो, जाळीबाहेर येऊन बटण दाबतो. माल वाढला आणि बरोबरच्या कंत्राटी पोरांना ब्रेक मिळाला, म्हणजे त्यांचं काम थांबलं. दिवाळीला बोनस असतो, पण तो पगारावर मोजतात. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. ज्याचा पगारच थांबला, त्याला रोबोच्या कमाईतलं काय मिळणार? पुढेमागे सरकारनं काही दिलंच तर ते वाटप, म्हणजे मेहेरबानी. हे मला पटत नाही.

प्रतिसाद: फरक इतका काटेकोर नाही. जमिनीच्या दाव्यात 'सरसनिरस वाटप' म्हणतात आणि ते हक्कदारांतच होतं. एकाला सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळी मुरमाड, असं करायचं नाही. चांगलं-वाईट दोन्ही सगळ्यांकडे जायला हवं.

'सरसनिरस' इथे चपखल बसतो! सध्या सरस मालकाकडे आणि निरस त्या पोरांकडे चाललंय. पण दाव्यात हिस्से आधी ठरतात, वाटप मागून. यंत्राच्या नफ्यात कामगाराचा हिस्सा कुणी धरलेलाच नाही.

प्रतिसाद: धरायचा म्हटलं तर धरता येतो. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला विकली नाही. स्वतःची कंपनी काढून जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. त्यांना कुणी 'लाभार्थी' म्हणत नाही. मात्र त्यांच्या हातात सातबारा होता. कंत्राटी पोरांकडे काय आहे?

रोबो बसवला तेव्हा गन कुठल्या कोनात धरायची, पत्रा कुठे वाकतो, हे प्रोग्राम करणाऱ्यांनी दादाला आणि त्या पोरांनाच विचारून घेतलं होतं. त्यावर हिस्सा का धरू नये? मी तरी 'लाभार्थी' खोडून 'वाटेकरी' लिहिणार आहे.