मदत हवी आहे: वृद्धाश्रमात आईला भाजीचा वाफा मिळवायचा आहे, सोमवारी बैठक

डिचोलीचा_मुलगा
घाईत लिहितो. आई आश्रमात आहे. मागे जागा पडून आहे, तिथे रहिवाशांना भाजी लावू द्या असं मी सुचवलं. व्यवस्थापनाचं उत्तर आलं, "फायदा काय ते लेखी द्या, आणि कोणी पडलं तर जबाबदार कोण तेही लिहा." ठोस मुद्दे हवे आहेत. 'मन रमतं' एवढ्यावर ते ऐकणार नाहीत.

चिऱ्याचं_घर
आश्रम कुठे? जागा किती? चालती-फिरती माणसं किती, चाकांच्या खुर्चीवरची किती? नळ जवळ आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

डिचोलीचा_मुलगा
गोव्यात, फोंड्याच्या बाजूला. दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा.

कुंडीप्रेमी
जमिनीच्या नादाला लागू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशव्या गच्चीवर ठेवा. माझ्या पर्वरीच्या फ्लॅटवर ३२ पिशव्या आहेत, वर्षभर पालेभाजी विकत आणलेली नाही.

चिऱ्याचं_घर
आजारी माणसांना गच्चीवर कोण चढवणार?

कुंडीप्रेमी
लिफ्ट असेल तर? ते त्यांनी कुठे लिहिलंय? पिशवी टेबलावर ठेवली की वाकावं लागत नाही, एवढंच म्हणतो.

माड_आणि_मी
मागे माड आहेत का? असतील तर आधी नारळ उतरवून घ्या. आमच्याकडे दोन महिने पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) मिळत नाही, झावळ कधी खाली येईल सांगता येत नाही.

संध्याकाळची_आरती
आमच्या काकू ज्या आश्रमात आहेत तिथे रोज भजन असतं, सगळे आनंदात असतात. या वयात मातीत हात घालायला कशाला लावायचं?

निवृत्त_सिस्टर
ताई, भजन हवंच. पण भजनात मूठ वळत नाही. मी २२ वर्षं वृद्धांची शुश्रूषा केली. व्यायामाचा चेंडू दिला की दोनदा दाबून बाजूला ठेवतात. खुरपी दिली की अर्धा तास हातातून सुटत नाही. सकाळचं ऊन मिळालं की रात्रीची झोप सुधारते. आपण लावलेली भाजी ताटात आली की दोन घास जास्त जातात. आमच्याकडे एका आजोबांचा वाल मांडवावर चढायला लागला, तेव्हापासून ते आमच्या आधी उठून दाढी करून तयार असायचे.

दादा, एक गोष्ट मात्र नक्की लिहा. वाफा प्रत्येकाचा वेगळा हवा. आम्ही पहिल्या वर्षी सगळ्यांची मिळून बाग केली, ती कोणाचीच झाली नाही आणि सुकली. उठायचं कधी, खायचं काय, दिवा कधी मालवायचा, आश्रमात सगळं दुसरेच ठरवतात. मुळा की मेथी, एवढं तरी त्यांना ठरवू द्या.

वाचनालय_मडगाव
सिस्टरांच्या म्हणण्याला आधार देतो. अमेरिकेत कनेक्टिकटच्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना रोप स्वतः निवडून सांभाळायला दिलं आणि दिनक्रमातल्या लहान गोष्टी ठरवू दिल्या. दुसऱ्या मजल्यावर रोपं वाटली, पण पाणी घालायचं काम परिचारिकांचं. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त सावध, हिंडती-फिरती आणि आनंदी आढळली. पुढे त्यांचं आयुष्यही वाढलं असं सांगतात, पण तो आकडा नंतर दुरुस्त करावा लागला, तेव्हा ते लिहू नका.

ब्रिटनमध्ये तर भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे लोकांना भाड्याने द्यायचे म्हणून १९०८ चा कायदाच आहे. एक तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा.

माड_आणि_मी
२५० चौरस मीटर! फोंड्यात तेवढ्यात बंगला होतो.

डिचोलीचा_मुलगा
आधी सांगायला हवं होतं. पुढे लॉन आहे, माळी आहे, पण रहिवाशांना हात लावू देत नाहीत. आईने डिचोलीच्या परसात चाळीस वर्षं तांबडी भाजी (लाल माठ) काढली. गेल्या रविवारी तिने उशीखालून गोळ्यांची रिकामी डबी काढून माझ्या हातात दिली. आत मोहरीहूनही बारीक, काळं, चकचकीत बी. घरून निघताना बरोबर आणलं होतं. "पाऊस गेला ना रे आता?" म्हणाली. मला काही बोलता आलं नाही.

निवृत्त_सिस्टर
मग जबाबदारीचं असं लिहून द्या. वेळ सकाळी ७ ते ९, एक सेवक सोबत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हातमोजे सक्तीचे. पावसात साचलेल्या पाण्यात कोणी उतरायचं नाही, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती असते. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील तर जवळपास कण्हेर नको, ते पान तोंडात घालतात.

चिऱ्याचं_घर
चिऱ्यांचे थर रचून वाफे उंच करा. हात एकाच बाजूने पोचणार असेल तर रुंदी ६० सेंमी, दोन्ही बाजूंनी असेल तर १२०. खुर्चीवरच्यांसाठी टेबलासारखा वाफा, खाली गुडघे जातील अशी ७० सेंमी मोकळी जागा. कुंडीप्रेमींच्या पिशव्या तिथे कामाला येतील. पण नळाचं अजून सांगितलं नाहीत.

डिचोलीचा_मुलगा
नळ स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे, दहा पावलांवर. लिफ्ट नाही. पाच वाफे मागतो, प्रत्येकावर नावाची पाटी. देव बरें करूं सगळ्यांचं.

चिऱ्याचं_घर
ते बी किती जुनं आहे? आजच चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा, चार दिवसांत मोड दिसायला हवेत. नाही आले तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवं आणा आणि आईच्या डबीतल्या बियांत मिसळा. पेरताना बियांत रेती मिसळायला विसरू नका, नुसतं बी एकाच जागी पडतं.