लॉकडाऊनमध्ये पहिलीच्या पोरांना नेमकं कसं शिकवलंत?

डीएड_वाली: नमस्कार, डीएडच्या प्रोजेक्टसाठी 2020-21 बद्दल लिहायचंय. जे वाचायला मिळतं ते सगळं 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' छापाचं, सरकारचं दीक्षा अ‍ॅप वगैरे. पण ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांना फोनवर कसं शिकवलंत? झेडपीवाल्यांनी प्लीज सांगा.

वाडीवरचे_गुरुजी: ताई, लाइव्ह क्लास आमच्याकडे झालाच नाही. घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर जायचा, मग मी रात्री जेवणं झाली की आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचो, दोन-तीन मिनिटांचा, मोठा टाकला तर कोणी ऐकत नाही आणि नेटपॅक उडतो तो वेगळाच. वहीचे फोटो यायचे, त्यात 'ळ' असा गोलगरगरीत की पोराच्या आईने काढलाय हे लगेच कळायचं. त्यात आम्ही रायगडातले, 3 जूनला निसर्ग वादळात खांब आडवे झाले, लाइटचाच पत्ता नाही आणि वरून पत्रं ऑनलाइनची.

पुणेरी_बाई: आमच्या प्रायव्हेट शाळेत उलटं. सगळ्यांकडे लॅपटॉप, पण पहिलीतलं पोर स्क्रीनसमोर बसणार किती? झूम 40 मिनिटांत आपोआप बंद व्हायचं तेच बरं वाटायचं. मी प्रश्न विचारला की मागून आजी उत्तर पुटपुटणार, पोरगं तेच म्हणणार आणि आई म्हणणार बघा मॅडम किती हुशार. वर पगार निम्मा, का तर पालक फी भरत नाहीत, आणि वायफायचं बिल आपलं आपण भरा.

खडू_फळा: शिकवायला वेळ कुठे होता हो? आधी चेकपोस्टवर ड्युटी, मग रेशन दुकानावर, सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा कोरोना सर्व्हे, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार. एक मात्र झालं, त्याच फेरीत मी पिशवीत वर्कशीट ठेवायचो, ताप मोजला की पोराला ओट्यावर बसवून दोन ओळी वाचून घ्यायच्या. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची ती चांगली होती, टीव्हीचा रिचार्ज असेल तर.

डीएड_वाली: बापरे! मग ही मुलं वाचायला कधी लागली?

वाडीवरचे_गुरुजी: 1 डिसेंबर 2021 ला पहिली ते चौथी उघडली तेव्हा ही बॅच थेट दुसरीत. रांग कशी लावायची इथपासून तयारी. त्याआधी उजळणीचा सेतू अभ्यासक्रम आलेला, 45 दिवसांचा, पण तो मागच्या इयत्तेचं थोडंफार येतंय असं धरूनच बनवलेला, आणि इथे निम्म्यांना नाव लिहिता येईना. म्हणून कागदावर सेतू पूर्ण केला आणि वर्गात 'कमळ'चा क घेतला. जरा गाडी रुळावर येतेय तर जानेवारीत परत शाळा बंद. नीट वाचायला लागली ती तिसरीत, काही तर चौथीत. प्रोजेक्टमध्ये घाल बिनधास्त, फक्त तालुका लिहू नको, आमचे साहेब असलं सगळं वाचतात 😄