‘पुरेसे चांगले’ म्हणजे शोधाचा खर्च धरून काढलेले ‘सर्वोत्तम’च नव्हे काय?

प्रश्न:
अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्या मर्यादित विवेकशीलतेच्या (माणसाची माहिती, वेळ आणि विचारशक्ती तोकडीच असते, या) मांडणीनुसार माणूस सर्वोत्तमाच्या मागे न लागता, मनाशी धरलेल्या अपेक्षेच्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय स्वीकारतो आणि शोध थांबवतो. परंतु शोधात जाणारा वेळ आणि श्रम हिशेबात धरले, तर वेळीच थांबणे हेच सर्वोत्तम ठरते. मग ‘पुरेसे चांगले’ ही कल्पना वेगळी कशी?

उत्तर १:
आक्षेपात वजन आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या शोधाचे गणित याच धर्तीवर मांडले. अडचण अशी की, आणखी एक पर्याय पाहून काय हाती लागेल हे काढायचे, तर न पाहिलेल्या पर्यायांत चांगले-वाईट किती, हे आधीच ठाऊक हवे. आणि ते ठाऊक नसते म्हणूनच तर शोध चालू असतो. शिवाय त्या हिशेबालाही वेळ लागतो, मग त्या वेळेचा हिशेब, पुढे त्याचाही. सायमन हा गुंता सोडवत बसत नाहीत, ते त्यात शिरतच नाहीत. १९५५ च्या त्यांच्या लेखातील घर विकणारा माणूस स्वीकारार्ह किंमत ठरवून गिऱ्हाइकांनी देऊ केलेल्या किमती तिच्याशी ताडून पाहतो.

उत्तर २:
तरीही गणिताला इतक्या सहज निकालात काढू नये. एकेक उमेदवार पाहून त्यांतला सर्वोत्तम निवडायचा असेल, त्यांची संख्या माहीत असेल, ते येण्याचा कोणताही क्रम सारखाच संभवत असेल आणि नाकारलेला परत मिळणार नसेल, तर पहिले सुमारे ३७ टक्के नुसते पाहावेत आणि नंतर त्या सर्वांहून सरस असा पहिला निवडावा. यात सर्वोत्तम हाती लागण्याची शक्यताही सुमारे ३७ टक्केच असते, हे मात्र सांगायचे राहून जाते. तिथे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार मिळणे म्हणजेही अपयश. अशी निवड प्रत्यक्षात कोण करतो?

प्रश्नकर्ता:
पटले. पण मग मुळात अपेक्षेची ती पातळी येते कुठून?

उत्तर १:
अनुभवातून, आणि ती स्थिर नसते: पर्याय भराभर मिळू लागले की चढते, मिळेनासे झाले की उतरते. भाड्याचे घर शोधताना स्वयंपाकघराला खिडकी हवीच, ही माझी अट आठ घरांपर्यंत टिकली. नवव्या घरात झरोक्यातून येणारा उजेड ओट्यावर पडलेला पाहून मी होकार दिला. तोवर काय मिळू शकते हे मला कळले होते की मी केवळ थकलो होतो, हे मला आजही वेगळे करून सांगता येत नाही.