ओठवाचन आणि मिलानचा ठराव

कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा शिकवली की ते बोलायचा कंटाळा करतं, म्हणून पहिल्यापासून फक्त ओठवाचनच (ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखणं) शिकवत आले, असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. पॅरिसला १७६० च्या सुमारास आबे द लेपे या फ्रेंच धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली ती खुणांवरच. चित्र पालटलं ते १८८० ला इटलीत मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, तिथे खुणा बंद करून बोलणं आणि ओठवाचन यांतूनच शिकवायचं असा ठराव झाला, आणि मतं देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते! अमेरिकेच्या मंडळींनी विरोध केला पण ती मोजकीच. पुढे कितीतरी कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, वर्गात खुणा केल्या तर मुलांना शिक्षा व्हायची. याच परिषदेच्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनात हे ठराव अधिकृतपणे नाकारले गेले ते थेट २०१० साली, म्हणजे मध्ये १३० वर्षं गेली.

आणि ओठवाचन वाटतं तितकं सरळ नाही हो. आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा, ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, क-ग तर घशापाशी, दिसतच नाहीत. म्हणून तर मुलाचा हात शिक्षकाच्या गळ्यावर ठेवून प आणि ब मधला फरक थरथरीवरून शिकवतात. माझी मामेबहीण ओठ छान वाचते, पण कॉलेजात सर फळ्याकडे वळून बोलायला लागले की तिचं सगळं तुटायचं, मग शेजारणीची वही. मुलांना ओठवाचन जरूर शिकवा पण त्यासाठी खुणा काढून घेऊ नका, एवढंच कळकळीचं म्हणणं आहे.