सॅन फ्रान्सिस्को: महामंदीतली सरकारी बांधकामं एका दिवसात कशी दाखवू?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. आई-बाबा सध्या आमच्याकडे सॅन होजेला आलेत. बाबा पीडब्ल्यूडीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. गोल्डन गेट झाला, आउटलेट मॉल झाला. आता त्यांनी कुठेतरी वाचलं की 1930 च्या महामंदीत रूझवेल्ट सरकारने बेकारांच्या हाताला काम म्हणून गावोगावी बांधकामं काढली होती. तेव्हापासून एकच टुमणं लावलंय, "त्यातलं सॅन फ्रान्सिस्कोत काय उरलंय ते दाखव." मला यातलं ओ की ठो कळत नाही.

अटी: एकच दिवस. गाडी नेणार नाही, कॅलट्रेनने जाणार. तिघांचे मिळून 60 डॉलर, प्रवास आणि जेवण धरून. (आई दशम्या आणि चटणी बांधून घेणार आहे.) बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो. आणि त्यांना बांधकाम बघायचंय: भिंत कशी उभी केली, दगड कुठून आणला, मजूर कोण होते. काय दाखवू?

भटक्या07
कॉइट टॉवर. विषय संपला.

टेलिग्राफ हिलवरचा तो पांढरा मनोरा. आत तळमजल्यावर 1934 सालची भित्तिचित्रं आहेत, दोन डझनांहून जास्त चित्रकारांनी मिळून काढलेली. व्हिक्टर अर्नॉटॉफच्या चित्रात भर रस्त्यात एका गृहस्थाला लुटतायत आणि गर्दी आपल्या वाटेने चाललीय. बर्नार्ड झकहाइमच्या ग्रंथालयाच्या चित्रात एक माणूस मार्क्सच्या ‘दास कापिटाल’कडे हात नेतोय. त्यावरून वर्तमानपत्रांनी असा गदारोळ केला की मनोरा काही महिने उघडलाच नाही. दुसऱ्या एकाने कोयता-हातोडा रंगवला होता, तो पुसून टाकला.

आम्ही मागच्या वर्षी खासगी टूर घेतली, माणशी 95 डॉलर. गाइड बाई कला-इतिहास शिकवणाऱ्या होत्या, पैसे वसूल. बजेट थोडं ताणा, आई-बाबा काय रोज येतात का?

सनीव्हेल_काकू
कॉइट टॉवरला +1. पण गाडी नेऊ नका! आम्ही नेली होती. वर पार्किंग नव्हतं म्हणून खाली गल्लीत लावली, परत येतो तो मागची काच फुटलेली. बॅगेत काय होतं? माझ्या नणंदेचं शिवणकाम. चोराला ब्लाउजपीस मिळाले. शिवाय वर पार्किंगचं तिकीटही.

ऐरोलीकर
काकू, गाडी नेणारच नाहीये. :)

सनीव्हेल_काकू
हो, वाचलं मी. तरी सांगून ठेवलं. 39 नंबरची बस थेट वर जाते, गुडघ्याला त्रास नाही. पासष्टीच्या पुढच्यांना मुनीत (शहराच्या बससेवेत) सवलत आहे आणि कॅलट्रेनमध्ये ज्येष्ठांना निम्मं तिकीट. तरी तुमचं बरंचसं बजेट ट्रेनमध्येच जाणार.

शंकासुर
भटक्या, एक दुरुस्ती. कॉइट टॉवर ही सरकारी योजनेतली इमारत नाही. लिली हिचकॉक कॉइट या श्रीमंत बाईंनी मृत्युपत्रात शहरासाठी पैसे ठेवले होते, त्यातून मनोरा 1933 मध्ये उभा राहिला. केंद्र सरकारचा पैसा फक्त आतल्या चित्रांना. तोही डब्ल्यूपीएचा नव्हे. डब्ल्यूपीए, म्हणजे बेकारांना काम देणारी रूझवेल्टची मुख्य योजना, 1935 ची. ही चित्रं पीडब्ल्यूएपी नावाच्या आधीच्या योजनेतली, जी डिसेंबर 1933 ते जून 1934 एवढीच चालली. आणि धागाकर्त्याच्या वडिलांना बांधकाम बघायचंय, चित्रं नाहीत.

भटक्या07
तो मनोरा बांधकाम नाही तर काय आहे?

डोंगरवाट
बाबा इंजिनिअर आहेत ना? मग हूव्हर धरण! व्हेगसला विमानाने जा, रात्री राहा, सकाळी धरण. माझे सासरे तिथे अर्धा तास नुसते कठड्याला हात लावून उभे होते.

शंकासुर
हूव्हर धरण सॅन फ्रान्सिस्कोत नाही.

डोंगरवाट
माहितीये हो. चांगलं ते सांगितलं. आणि तसं नको असेल तर गोल्डन गेटच पुन्हा दाखवा, इंजिनिअरच्या नजरेने. न्यू डीलचं, म्हणजे रूझवेल्टच्या त्या मंदीतल्या कार्यक्रमाचं, सगळ्यात मोठं काम तेच.

शंकासुर
नाही. हे इथले अर्धे टूर गाइडही चुकीचं सांगतात. गोल्डन गेटला केंद्र सरकारचा पैसा नाही. आसपासच्या काउंट्यांतल्या मतदारांनी 1930 मध्ये साडेतीन कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, स्वतःची घरं-शेतं तारण ठेवून. मंदीत ते रोखे कोणी घेईना, तेव्हा बँक ऑफ अमेरिकाच्या जियानिनींनी घेतले. पूल मे 1937 मध्ये खुला झाला.

सरकारी मदत मिळाली ती बे ब्रिजला. तिथे आरएफसी या केंद्र सरकारच्या महामंडळाने रोखे घेतले आणि पूल नोव्हेंबर 1936 मध्ये, म्हणजे गोल्डन गेटच्या आधी, सुरू झाला. बाबांना पूलच दाखवायचा असेल तर तो दाखवा. पश्चिमेकडचा भाग अजून मूळचा आहे. पूर्वेकडचा 2013 मध्ये नवा झाला.

ओकलंडची_ओवी
आरएफसी रूझवेल्टच्या आधीच्या अध्यक्षांच्या, हूव्हरच्या काळातली, 1932 ची. मग बे ब्रिज तरी न्यू डील कसा? ;)

शंकासुर
रूझवेल्टने ती चालू ठेवली आणि वाढवली. वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा.

कट्टेकरी
म्हणजे हे सगळं आपल्या रोजगार हमीसारखंच की! आपण 1972 च्या दुष्काळात केलं ते यांनी चाळीस वर्षं आधी केलं.

गिरणाकाठ
त्या दुष्काळात मी सातवीत होतो. आई खडी फोडायला जायची. आमच्या शिवारातला पाझर तलाव त्याच कामातला. मस्टरवर अंगठा, आठवड्याने पगार, दुपारी सुकडी. अमेरिकेत सुकडी नसेल, पण बाकी मुकादम आणि मस्टर सगळं तेच असणार.

शंकासुर
साम्य आहे, पण मोठा फरकही आहे. महाराष्ट्राने 1977 मध्ये कायदा करून काम मागण्याचा हक्क दिला. डब्ल्यूपीएत हक्क नव्हता. सरकारने जेवढा पैसा मंजूर केला तेवढ्यांनाच काम, तेही साधारण घरटी एकाला. त्यामुळे बायका पुष्कळ मागे राहिल्या. तरी 1943 पर्यंत एकंदर 85 लाख लोकांना त्यात काम मिळालं. उलट आपल्याकडे रोजगार हमीवर कोणी चित्रकार, नट, गवई घेतले नाहीत. तिथे घेतले.

कट्टेकरी
गवई खडी फोडताना डोळ्यासमोर आला. :D

ओकलंडची_ओवी
मूळ प्रश्नाकडे येते. गुडघा, साठ डॉलर आणि बांधकाम हे तिन्ही जमवणारी एकच जागा आहे: अ‍ॅक्वाटिक पार्कचं बाथहाउस. आता तिथे सागरी संग्रहालय आहे, राष्ट्रीय उद्यान खात्याकडे, प्रवेश फुकट. 1936 ते 1939 या काळात डब्ल्यूपीएने बांधलं. समोरून बघितलं तर किनाऱ्याला बोट लागलीय असं वाटतं: गोल कोपरे, मजल्यावर मजला, गोल खिडक्या. दारावरचं हिरव्या पाटीच्या दगडातलं कोरीव काम सार्जेंट जॉन्सनचं. आत हिलेअर हायलरची समुद्राखालच्या नगरांची चित्रं. सगळं सपाट, आईंना बसायला समोर पायऱ्या आणि वाळू.

बाबांना यातली एक गोष्ट खास सांगा. इमारत ‘जनतेचा महाल’ म्हणून गाजवली आणि पूर्ण होते न होते तोच एका खासगी हॉटेलवाल्याला चालवायला दिली. मग लोकांनाच आत मज्जाव. जॉन्सनला ते इतकं लागलं की मागच्या सज्जातलं टाइलचं काम त्याने तसंच अर्धवट टाकलं. आजही ते अर्धवटच आहे.

गिरणाकाठ
म्हणजे टेंडर तिकडेही तसंच होतं.

भटक्या07
अ‍ॅक्वाटिक पार्क चांगलं आहे, पण कॉइट टॉवरची सर नाही. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग. आज जेवढं रंगवायचं तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा, तो सुकायच्या आत काम उरकायचं. गवंडी आणि चित्रकार जोडीने. हे बांधकामच झालं ना?

ओकलंडची_ओवी
हा मुद्दा मात्र पटला.

सनीव्हेल_काकू
फुकट चालत फिरवणारे लोकही आहेत, सॅन फ्रान्सिस्को सिटी गाइड्स. सार्वजनिक ग्रंथालयाशी जोडलेले स्वयंसेवक असतात. कॉइट टॉवरच्या चित्रांचीही फेरी असते. 95 डॉलर कशाला? शेवटी देणगी म्हणून काही द्यायचं तर द्या.

भटक्या07
…हे मला मागच्या वर्षी कोणी सांगितलं नाही.

शंकासुर
बंदराकडे रिंकन सेंटर बघा. जुनं पोस्ट ऑफिस, मिशन आणि स्टुअर्ट रस्त्यांजवळ. आत अँटन रेफ्रेजिएरची 27 चित्रं, कॅलिफोर्नियाचा इतिहास. काम 1941 मध्ये मिळालं, युद्धामुळे थांबलं, 1948 मध्ये संपलं. (हेही डब्ल्यूपीए नव्हे, केंद्र सरकारच्या कलाविभागाचं.) चित्रांवर जिकडून तिकडून हरकती आल्या. एका चित्रातल्या पाद्र्याचं पोट मोठं दिसतं म्हणून ते कमी करायला लावलं. 1953 मध्ये चित्रं काढून टाकावीत म्हणून थेट अमेरिकी संसदेत सुनावणी झाली, पण ती टिकली. 1934 च्या गोदी कामगारांच्या संपावरचं चित्रही त्यात आहे. त्या संपात 5 जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले ते याच चौकात. म्हणजे चित्र बघून दाराबाहेर आलात की तुम्ही घटनास्थळीच उभे.

डोंगरवाट
पुन्हा चित्रंच. बिचारे बाबा.

कट्टेकरी
चित्रांवरून आठवलं, त्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलच्या चित्रांचं काय झालं? पुसायची ठरली होती ना?

ओकलंडची_ओवी
तीही अर्नॉटॉफचीच, 1936 ची. वॉशिंग्टनचे गुलाम आणि मरून पडलेला मूलनिवासी माणूस त्यात दाखवलाय. 2019 मध्ये शाळा मंडळाने रंगवून टाकायचं ठरवलं, मग नुसतं झाकायचं ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2022 मध्ये तो ठरावच मागे घेतला. चित्रं आहेत. पण शाळा चालू असते, उगाच आत जाता येत नाही.

भटक्या07
पुसायला निघाले होते हेच संतापजनक आहे. चित्रकाराने वॉशिंग्टनची लाज दाखवली आणि…

कट्टेकरी
रोज वर्गात जाताना ते प्रेत बघायला लागणाऱ्या पोरांना विचारा.

*(यापुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विषयाला धरून लिहा. – संपादक)*

गिरणाकाठ
मुलगा हेट स्ट्रीटजवळ राहायचा तेव्हा रोज सकाळी ब्युएना व्हिस्टा पार्कात फिरायला जायचो. तिथल्या पायवाटांच्या कडेची गटारं आणि टेकडी धरून ठेवणाऱ्या भिंती डब्ल्यूपीएच्या मजुरांनी बांधल्यात. शहरातली जुनी कब्रस्तानं तेव्हा उठवून कोल्मा गावी नेत होते. ज्या थडग्यांना वाली उरला नाही त्यांचे संगमरवरी दगड फोडून गटारांना वापरले. बहुतेकांची अक्षरं खाली दाबलीयत, पण एखाद्याची वर राहिलीय. वाकून बघितलं तर अर्धं नाव, एखादं साल वाचता येतं. बांधकाम अगदी साधं आहे, पण उतार असा दिलाय की पावसात पाणी कुठे तुंबत नाही. मी पावसाळ्यात बघितलंय.

सनीव्हेल_काकू
अगं बाई! थडग्याचे दगड गटाराला? आईंना तिथे मुळीच नेऊ नका. आणि चढ किती आहे तो. गुडघ्याची वाट लागेल.

डोंगरवाट
काकूंशी सहमत. एवढ्या लांब आलेल्या माणसाला गटार कसलं दाखवता?

ओकलंडची_ओवी
माझंही मत अ‍ॅक्वाटिक पार्कलाच. ब्युएना व्हिस्टा खरंच उभा चढ आहे.

शंकासुर
सगळ्यांची बेरीज: सकाळी रिंकन सेंटर, मग 39 ने कॉइट टॉवर, दुपारी अ‍ॅक्वाटिक पार्क. तिन्ही ठिकाणी चित्रं फुकट. कॉइटची लिफ्ट घेतली तरच तिकीट.

ऐरोलीकर
सगळ्यांचे आभार. हूव्हर धरण पुढच्या खेपेला. :)

काल रात्री बाबांनी हा धागा स्वतः वाचला, पहिल्यापासून, चष्मा बदलून. दोनदा "टेंडर" म्हणून हसले. आणि निर्णय दिला: सकाळी थेट ब्युएना व्हिस्टा पार्क. कॉइट टॉवर नको, रिंकन नको. मी म्हटलं, गुडघा? तर म्हणाले, गटार नेहमी उताराला असतं, मी वरून खाली बघत येईन, मला वरपर्यंत टॅक्सीने सोड. म्हणजे बजेट तिथेच कोलमडलं. मग म्हणाले, "चित्र काढणारा आणि दगड बसवणारा एकाच मस्टरवर होते ना? मग सगळे त्या चित्रवाल्याचंच काय सांगतायत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आईचं म्हणणं, मी त्या दगडांवर पाय देणार नाही, खाली बाकावर बसेन. वेळ उरला तर तिच्यासाठी अ‍ॅक्वाटिक पार्क. गिरणाकाठ, बाबा विचारतायत की पावसाचं पाणी बघितलंत ते कुठल्या बाजूचं? ते टेप घेऊन येणार आहेत, उतार मोजायला.

गिरणाकाठ
हेट स्ट्रीटच्या बाजूने आत जा, डाव्या हाताची पायवाट धरा. अक्षरांचे दगड शोधायला वेळ लागतो, पालापाचोळा असतो, हातात काडी ठेवा. आणि टेपपेक्षा ट्यूब लेव्हल (पाण्याची नळी) न्या. एका टोकाला मी आलो असतो, पण आता जळगावला आहे.

भटक्या07
कॉइट टॉवर सोडून गटार! बरं, निदान फोटो टाका.

सनीव्हेल_काकू
टॅक्सी वरपर्यंत जाते का ते आधी विचारून घ्या. आणि बॅग सीटवर ठेवून उतरू नका.