थांब्यांची नावं जोडायला एसएनप्रिंटएफ घे

भाऊ, सी भाषेत राजवाडा ते विजयनगर मार्गावरच्या थांब्यांची नावं एका बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक जागेत) जोडायला स्ट्रकॅट (strcat) की स्ट्रएनकॅट (strncat), हा तुझा प्रश्न. वर सल्ला आलाय की 'एन' असलेली फंक्शनं वापर, ती सुरक्षित. मला तो पटत नाही.

मजकूर मर्यादेत मावला नाही तर मजकूर नकलणारं स्ट्रएनकॉपी (strncpy) शेवटचा शून्य, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, लिहीतच नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) 'इंदूर' 15 बाइट घेतं. 15 चाच बफर असला तर अक्षरं बरोब्बर बसतात, शून्याला जागा उरत नाही, आणि छापणारा प्रिंटएफ (printf) पुढची मेमरी वाचत सुटतो. स्ट्रएनकॅट शून्य लिहितं खरं, पण त्याला द्यायचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती बाइट जोडायचे तो. बफरचा आकार नव्हे. बहुतेक गडबड इथेच होते. शिवाय स्ट्रकॅट आणि स्ट्रएनकॅट दोन्ही दर फेरीला आधीच्या मजकुराचा शेवट पहिल्यापासून शोधतात.

ठरलेल्या जागेतच मजकूर लिहिणारा एसएनप्रिंटएफ (snprintf) सी 99 पासून, म्हणजे सीच्या 1999 च्या मानकापासून आहे. त्याला बफरमधली उरलेली जागा दे. पूर्ण मजकुराला, शेवटचा शून्य सोडून, किती बाइट लागले असते ते तो परत करतो. आकडा जागेइतका किंवा जास्त आला तर नाव कापलं गेलंय, कदाचित अक्षराच्या मधोमध. तिथेच थांब. नाहीतर पॉइंटर (पुढचं नाव कुठे लिहायचं तो पत्ता) तेवढाच पुढे सरकव आणि उरलेली जागा तेवढीच कमी कर.